मनकवडा म्हणवून घेण्याआधी

सोलापुरातल्या एका वाचकाचं पत्र थोडक्यात असं: वय 34. दिवसा टॉवेलच्या कारखान्यात हिशेब लिहितात, सुट्टीला आणि संध्याकाळी जादूचे प्रयोग करतात. वाढदिवस, शाळांची स्नेहसंमेलनं, गणपती-नवरात्रातली मंडळं. चाळीस मिनिटांत बावीस आयटम. जादू एका बुजुर्ग जादूगारांकडे शिकले, त्यांना ते 'सर' म्हणतात. हल्ली पोरं मध्येच ओरडतात, "काका, हे यूट्यूबवर बघितलंय." म्हणून मनातलं ओळखण्याची जादू, म्हणजे मेंटॅलिझम, शिकायचं ठरवलं आणि उसने पैसे घेऊन 18,000 रुपयांचं इलेक्ट्रॉनिक पॅड आणलं. पॅडवर प्रेक्षकाने लिहिलेलं जादूगाराला गुपचूप दिसतं. पहिला प्रयोग शहराच्या पूर्व भागातल्या, तेलुगू बोलणाऱ्या वस्तीतल्या एका मंडळात. तिथल्या बाईंनी नाव लिहिलं तेलुगूत. यांना तेलुगू समजतं, वाचता येत नाही. दुसरा प्रयोग जुळे सोलापुरात, शिकल्यासवरल्या वस्तीत, तिथे सगळं जमलं. कार्यक्रमानंतर एक मावशी कोपऱ्यात घेऊन गेल्या. मुलगा कामाला पुण्याला गेलाय, आठ महिने फोन नाही, तो कुठे आहे सांगा म्हणाल्या. यांच्या तोंडून निघून गेलं, "लवकरच फोन येईल." आता मावशी मंडळाच्या पोरांकरवी निरोपावर निरोप पाठवतायत. मित्र म्हणतो, "कपाळाला गंध लाव, साधना केलीय म्हणून सांग, बिदागी दुप्पट होईल." सर म्हणतात, "हा भोंदूगिरीचा रस्ता आहे, नाद सोड." वाचकाचे प्रश्न तीन: शिकावं का? शिकायचं तर सुरुवात कुठून? आणि ही युक्ती आहे असं आधीच सांगून टाकलं तर मजा राहील का?

नमस्कार,

तुमचे तिन्ही प्रश्न थोडा वेळ बाजूला ठेवू. पत्रात एक गोष्ट अशी आहे जी तुम्ही प्रश्न म्हणून विचारलेली नाही, पण तीच सगळ्यात घाईची आहे. त्या मावशी.

येत्या रविवारी त्यांच्या घरी जा. निरोप नको, फोनही नको. बसा, चहा घ्या आणि सरळ सांगा: "मावशी, त्या दिवशी मी केला तो खेळ होता. ताईंनी लिहिलेला आकडा मला कसा कळला याची एक युक्ती आहे, ती मी शिकलोय. तुमच्या मुलाबद्दल मला काहीच कळत नाही. फोन येईल म्हणालो ते तुम्हाला बरं वाटावं म्हणून. मी तसं बोलायला नको होतं." त्या कदाचित ऐकणार नाहीत. "तुम्ही मोठेपणा घेत नाही एवढंच," असं म्हणतील. तेव्हा गप्प बसू नका. वेळ पडली तर ते पॅड त्यांच्या हातात द्या आणि ती एक युक्ती उघडी करून दाखवा. जादूगाराने गुपित फोडू नये हा नियम मलाही मान्य आहे. पण एक आई तुमच्या शब्दावर रोज फोनकडे बघत बसली आहे, तिच्यापुढे तो नियम मोठा नाही.

आणि गेलाच आहात तर खरी मदत करून या. मुलगा कुठे कामाला होता, खोलीवर कोण होतं, शेवटचा नंबर कोणता, हे एका कागदावर लिहून घ्या. त्यातल्या कुणाशी संपर्क होत नसेल तर त्यांच्याबरोबर पोलीस ठाण्यात जा आणि हरवल्याची तक्रार द्या. फोटो, आधार कार्डाची प्रत, शेवटचा ठावठिकाणा सोबत ठेवा. मुलगा सज्ञान असला तरी तक्रार देता येते, आणि आठ महिने उलटले म्हणून ती द्यायची राहत नाही.

शिकल्यासवरल्या वस्तीत असं कसं झालं, याचं तुम्हाला आश्चर्य वाटलेलं दिसतं. मला वाटलं नाही. 1948 साली अमेरिकेत बर्ट्रम फोरर या मानसशास्त्राच्या प्राध्यापकाने 39 विद्यार्थ्यांची चाचणी घेतली आणि काही दिवसांनी प्रत्येकाला 'तुमच्या स्वभावाचं वर्णन' म्हणून एक कागद दिला. वर्णन किती जुळतं, याला पाचपैकी गुण द्यायचे होते. सरासरी आली 4.26. सगळ्यांच्या हातात शब्दन् शब्द तोच मजकूर होता, बराचसा ज्योतिषाच्या एका स्वस्त पुस्तकातून घेतलेला. ही कॉलेजातली, मानसशास्त्र शिकणारी मुलं होती आणि कुणावर कसलं संकट नव्हतं. तुमच्यासमोर तर पोराच्या काळजीने अर्धी झालेली बाई उभी होती, आणि दहाच मिनिटांपूर्वी तुम्ही दुसऱ्या कुणाच्या मनातला आकडा बरोबर सांगितला होता. तिने विश्वास ठेवला यात तिचं काही चुकलं नाही.

म्हणून मित्राचा सल्ला मला अजिबात मान्य नाही. गंध लावलंत की अशा मावशी दर कार्यक्रमाला भेटतील आणि प्रत्येकीला काहीतरी सांगावं लागेल. कायद्याचं म्हणाल तर महाराष्ट्रात 2013 पासून जादूटोणाविरोधी कायदा आहे. डॉ. नरेंद्र दाभोलकरांची त्या वर्षी 20 ऑगस्टला हत्या झाली, त्यानंतर काही दिवसांतच तो आधी अध्यादेश म्हणून आला. तथाकथित चमत्कार दाखवून पैसे मिळवणं आणि लोकांना फसवणं हा त्यात गुन्हा आहे. शिक्षा सहा महिन्यांपासून सात वर्षांपर्यंत आणि दंड 5,000 ते 50,000 रुपये. पण कायदा नसता तरी मी तुम्हाला हेच सांगितलं असतं.

एक मधला मार्गही आहे, काही बोलायचंच नाही. सिडनी आणि लेस्ली पिडिंग्टन हे ऑस्ट्रेलियन जोडपं 1949 मध्ये बीबीसी रेडिओवर एकमेकांच्या मनातलं ओळखण्याचे प्रयोग करायचं. शेवटी ऐकणाऱ्यांना म्हणायचं, निकाल तुम्हीच लावा. रंगमंचावर हे देखणं दिसतं, आणि मोठ्या नाट्यगृहात, तिकीट काढून आलेल्या लोकांपुढे ते खपूनही जाईल. तुमचे कार्यक्रम मंडपात होतात. प्रयोग संपला की तुम्ही त्याच लोकांत उभं राहून पोहे खाता, दुसऱ्या दिवशी त्यांच्यातलंच कुणी बाजारात भेटतं. तिथे मौन म्हणजे होकार धरला जातो. म्हणून तुमच्यासाठी मला उघड सांगण्याचाच रस्ता बरोबर वाटतो.

मजा जाईल ही भीती सोडा. पुण्याच्या जादूगार रघुवीरांच्या प्रयोगाला तिकीट काढून बसणाऱ्या प्रत्येकाला ही जादू आहे हे ठाऊक होतं, तरी माणसं डोळे विस्फारून बघायची. तुम्ही सुरुवातीलाच मोकळेपणाने म्हणा: "मी भविष्य सांगत नाही, हरवलेलं शोधून देत नाही, आजार बरा करत नाही. पण पुढचा अर्धा तास मी तुमच्या मनातलं ओळखणार आहे. कसं, ते मात्र सांगणार नाही." हे ठसक्यात म्हणून बघा, शेवटच्या वाक्याला लोक खुर्चीत पुढे सरकतील. आणखी एक सांभाळा. सिद्धीचा दावा टाळायचा म्हणून काही जण दुसरी थाप मारतात, "तुमच्या डोळ्यांच्या हालचालीवरून ओळखलं." चिठ्ठी पाहून ओळखलेल्या गोष्टीला मानसशास्त्राचं नाव दिलंत, की उद्या एखादा कारखानदार तुम्हाला बोलावून म्हणेल, या चार कामगारांत चोर कोण ते सांगा. कुणाच्या तरी पोटावर पाय येईल.

आता शिकण्याचं. शिका, जरूर शिका. पण पोरं ओरडतात म्हणून शिकत असाल तर थोडं थांबा. मेंटॅलिझमच्या युक्त्याही यूट्यूबवर ढिगाने आहेत. चाळीस मिनिटांत बावीस आयटम म्हणजे एकेकाला दोन मिनिटंसुद्धा नाहीत. एवढ्या घाईत तुम्ही मुलांशी बोलता कधी? बावीसचे दहा करा, प्रत्येकात एका मुलाला नावाने हाक मारून पुढे बोलवा, ओरडणं निम्म्यावर येईल. शिवाय पाच-सहा वर्षांच्या मुलांना मनातलं ओळखण्याचं फारसं नवल नसतं. मोठ्यांना सगळं कळतंच, अशीच त्यांची समजूत असते. वाढदिवसाला रुमाल, दोरी, कबुतर हेच ठेवा. मेंटॅलिझम बँकेच्या किंवा डॉक्टर मंडळींच्या संमेलनात, माजी विद्यार्थ्यांच्या मेळाव्यात करा. मोठी माणसं बसलेली हवीत आणि गलका कमी हवा.

पॅड विकू नका, पण वर्षभर कपाटात ठेवा. इंग्रजी येत असेल तर टोनी कोरिंडा यांचं 'थर्टीन स्टेप्स टू मेंटॅलिझम' मिळवा, यातलं ते जुनं आणि भक्कम पाठ्यपुस्तक आहे. त्याच्या दुसऱ्या पायरीत स्पर्शावरून ओळखणं आहे, तिसरीत स्मरणशक्ती, आणि तेराव्या, शेवटच्या पायरीत बोलणं आणि सादरीकरण. तुम्ही या तिन्ही पायऱ्या आधी करा. तिन्हीला पैसे लागत नाहीत.

स्पर्शाचं असं. घरात कुणाला तरी किल्ली लपवायला सांगा. लपवणाऱ्याने तुमचं मनगट धरायचं, शब्द काढायचा नाही, फक्त मनातल्या मनात म्हणत राहायचं: डावीकडे, पुढे, थांब. तुम्ही सावकाश पाऊल टाका. चुकीच्या बाजूला वळलात तर त्याचा हात किंचित मागे राहतो, जड लागतो. बरोबर बाजूला वळलात की तोच हात हलका होऊन तुमच्याबरोबर निघतो, कधी तर क्षणभर आधीच. किल्लीजवळ पोचलात की पकडीतला ताण बदलतो. वर की खाली हे कळायचं असेल तर हात नुसता हवेत वर-खाली न्या आणि कुठे तो अडखळतो ते पाहा. पहिले काही दिवस काहीच कळणार नाही, मग एकदम कळायला लागेल. यात फसवणूक नाही. विचार केला की स्नायू आपल्या नकळत हलतात, असं विल्यम कार्पेंटर या इंग्रज शास्त्रज्ञाने 1852 मध्येच मांडलं होतं. बर्लिनला हान्स नावाचा घोडा टापा आपटून गणितं सोडवायचा. 1907 मध्ये ऑस्कर फुंग्स्ट यांनी दाखवून दिलं, की घोड्याला गणित येत नव्हतं. बरोबर आकडा आला की विचारणाऱ्याचं डोकं किंचित हलायचं, तेवढं त्याला दिसायचं. मालक प्रामाणिक होता, आपलं डोकं हलतंय हे त्यालाच ठाऊक नव्हतं. आपल्या दारावर येणाऱ्या नंदीबैलाचा मालक मात्र जाणून इशारा करतो, फरक तेवढाच. आणि स्टुअर्ट कंबरलँड या इंग्रज कलाकाराने 1880 च्या दशकात युरोपभर स्पर्शावरून ओळखण्याचेच प्रयोग केले, तेही माझ्यात दैवी काही नाही असं उघड सांगून. तरी त्याचं नाव झालं.

मंडपात करताना बाईमाणूस पुढे आलं तर मनगटाऐवजी आपल्या सोलापुरी नॅपकिनची दोन टोकं दोघांनी ताणून धरा. इशारा थोडा पुसट पोचतो, पण सरावाने तोही लागतो.

स्मरणाचा प्रयोग तुमच्या गावाला छान शोभेल. प्रेक्षकांनी पंधरा वस्तू ओरडून सांगायच्या, एकाने फळ्यावर लिहायच्या, तुम्ही पाठमोरे उभे. नंतर सगळ्या क्रमाने, मग उलट्या क्रमाने म्हणायच्या. यासाठी रोजच्या जाण्यायेण्यातले पंधरा ठळक थांबे पक्के करा: सात रस्ता, डफरीन चौक, पार्क मैदान, चार पुतळा, सिद्धेश्वर तलाव, तुमच्या रस्त्यावर जे ज्या क्रमाने येतील तसे. पहिली वस्तू शेंगा चटणी असेल तर सात रस्त्याला सगळी वाहनं चटणीत रुतून बसलेली बघा. दुसरी छत्री असेल तर डफरीन चौकावर एकच प्रचंड छत्री उघडा. चित्र जितकं अचाट, तितकं ते टिकतं. मग मनातल्या मनात रस्त्याने चालत जायचं आणि दिसेल ते बोलायचं. उलट्या क्रमासाठी नुसतं उलट चालत यायचं. हे बघून कुणी तुमच्याकडे हरवलेला मुलगा शोधायला येणार नाही. आलीच तर एखादी आई विचारेल, आमच्या बाळूला पाढे असे पाठ करता येतील का. त्याचं उत्तर तुमच्याकडे असेल.

शाळांसाठी एक आकडा देतो, 6174. आपल्या देवळालीचे शाळामास्तर द. रा. कापरेकर यांनी 1949 मध्ये तो जगापुढे ठेवला. सगळे अंक सारखे नसलेली कुठलीही चार अंकी संख्या घ्या. अंक उतरत्या क्रमाने लावा, चढत्या क्रमाने लावा, मोठीतून लहान वजा करा आणि उत्तरावर हेच पुन्हा करा. 3524 घेतली तर 5432 वजा 2345 म्हणजे 3087. मग 8730 वजा 0378 म्हणजे 8352. मग 8532 वजा 2358 म्हणजे 6174. जास्तीत जास्त सात फेऱ्यांत तिथेच पोचतो आणि तिथेच थांबतो. तुम्ही तो आकडा आधीच पाकिटात बंद करून मुख्याध्यापकांकडे देऊन ठेवा. एकच काळजी घ्या: 2111 सारखी संख्या आली तर उत्तर 0999 येतं, आणि मुलं पुढचं शून्य गाळतात. गणित करणाऱ्या मुलाजवळ उभे राहा आणि शून्य लिहायला लावा. पाकीट उघडून टाळ्या झाल्या की गुपित खुशाल फोडा आणि कापरेकरांची गोष्ट सांगा. हे गुपित कुठल्या जादूगाराच्या मालकीचं नाही, आणि मुलं घरी जाऊन ते करून बघतील.

तेलुगूच्या चिठ्ठीबद्दल तुम्ही ओशाळून लिहिलंय, पण मला पत्रातला सगळ्यात कामाचा भाग तोच वाटला. इंग्रजी पुस्तकांतल्या पुष्कळ युक्त्या 26 अक्षरांच्या हिशेबाने बांधलेल्या असतात. आपल्याकडे काना-मात्रा, जोडाक्षरं. आणि सोलापुरात तर मराठी, कानडी, तेलुगू, उर्दू अशा चार लिप्या एकाच रांगेत बसलेल्या असतात. पूर्व भागात नावं लिहायला सांगूच नका. आकडा किंवा सोपं चित्र मागा. लिहिता न येणाऱ्या आजीही रांगेत असतात, हातात पेन दिलं की चारचौघांत त्यांचा चेहरा उतरतो. त्यांना पाच वस्तूंतली एक मुठीत घ्यायला सांगा. तेलुगू अंदाजे कळतं म्हणता, मग महिनाभर लिपीवर बसा. तेलुगूतलं नाव स्वच्छ वाचून त्याच भाषेत दोन वाक्यं बोललात, तर त्या टाळ्या कुठल्याही पॅडला मिळणार नाहीत.

'पहिलं सुचेल ते सांगा' या जातीच्या युक्त्यांचंही तेच. एक ते दहामधला आकडा म्हटलं की पुष्कळ जण 7 म्हणतात. भाजी म्हटली की गाजर, असं इंग्रजी पुस्तकं सांगतात. आपल्याकडे काय म्हणतील ते कारखान्याच्या चहाच्या सुट्टीत विचारून वहीत लिहीत जा. हिशेब लिहिण्याची सवय तुम्हाला आहेच. भाजी, फूल, रंग, गाव, सगळं विचारा. अशी वही आयती कुठे मिळत नाही.

आणि चुकायला घाबरू नका. पत्त्याची हातचलाखी फसली की सगळा खेळ बसतो. मनातलं ओळखताना पाचातलं एक चुकलं तर लोकांना उरलेली चार जास्त खरी वाटतात. मात्र चुकल्यावर प्रेक्षकाला दोष देऊ नका. "तुम्ही नीट विचार केला नाहीत" हे वाक्य मी पुष्कळ कार्यक्रमांत ऐकलंय आणि दर वेळी समोरच्या माणसाचा पडलेला चेहरा पाहिलाय. "माझं चुकलं, बसा, टाळ्या यांच्यासाठी," एवढं म्हणून पुढे जा.

सरांशी वाद घालू नका. त्यांनी भोंदू जवळून पाहिले असणार, त्यांची भीती पोकळ नाही. पण मेंटॅलिझम म्हणजेच भोंदूगिरी, हे मला पटत नाही. अंधश्रद्धा निर्मूलन समितीचे कार्यकर्ते गावोगाव चमत्कार करून दाखवतात ते युक्त्यांच्याच जोरावर, आणि लोकांना सावध करण्यासाठी. सरांना तुमची सुरुवातीची ती वाक्यं ऐकवा आणि किल्लीचा खेळ त्यांच्यावरच करा. त्यांचं मनगट धरायला त्यांनाच सांगा.

शेवटी निवेदकाचं. तुम्ही काहीही ठरवलंत तरी मंडळाचा निवेदक माइकवरून तुम्हाला 'अंतर्ज्ञानी', 'मनकवडे' म्हणून पुकारणार, आणि तेच लोकांच्या लक्षात राहणार. म्हणून स्वतःची ओळख चार ओळींत स्वतः लिहा, ठळक अक्षरात छापून घ्या आणि कार्यक्रमाआधी त्याच्या हातात द्या. त्यात 'जादूगार' आणि 'करमणुकीचा प्रयोग' हे दोन शब्द असू द्या. फलकावरही तेच छापायला सांगा. आणि बिदागी ठरवताना अध्यक्षांना स्पष्ट सांगून ठेवा, की कार्यक्रमानंतर खासगीत कुणाला काही सांगितलं जाणार नाही.